सेहरीचं गणित कोण मांडणार?

(आर्वी येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मग पोषणशास्त्राच्या पदवीवर मी का बोलतोय? कारणं दोन आहेत, एक घरचं आणि एक ऑफिसमधलं.

माझ्या अम्मीला बारा वर्षांपासून शुगर आहे. दवाखान्यातून तिला आहाराचा छापील तक्ता मिळाला होता. आठला नाश्ता, अकराला फळ, एकला जेवण. रमजान आला आणि तक्ता कपाटात गेला. गोळ्या तिने स्वतःच्या अंदाजाने घेतल्या. नवव्या रोज्याला दुपारी ओट्याजवळ चक्कर येऊन पडली. शुगर फार खाली गेली होती. साखरपाणी दिल्यावर सावरली.

पुढच्या वर्षी रमजानच्या महिनाभर आधीच आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि एका तरुण आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "खाला, सेहरीला काय खाता?" अम्मी म्हणाली, "चहा आणि खारी." मग अर्धा तास दोघी बोलत बसल्या. सेहरीला भाकरी, डाळ, अंडं. इफ्तारला खजूर, पण शरबताऐवजी पाणी. बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, आणि ती 70 च्या खाली गेली तर रोजा सोडायचाच, हेही तिने समजावलं. अम्मीने त्या वर्षी दोन रोजे सोडले, पण पडली नाही.

आता ऑफिसचं. आम्ही आहाराची नोंद ठेवणारं अ‍ॅप बनवत होतो. रमजानमध्ये ते रोज दुपारी लोकांना सांगायचं, 'तुमचं जेवण चुकलं.' कोड बरोबर होता. सेहरी म्हणजे काय, हे नियम ठरवताना कोणाला सुचलंच नव्हतं. चूक दुरुस्त केली ती एम.एस्सी. न्यूट्रिशन झालेल्या सहकारी मुलीने. तिच्याकडूनच मला या क्षेत्राच्या वाटा कळल्या.

पहिली वाट रुग्णालयाची. इथे नुसती बी.एस्सी. सहसा पुरत नाही. एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर डिप्लोमा, मग रुग्णालयातली इंटर्नशिप, आणि जमल्यास इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'रजिस्टर्ड डायटिशियन' परीक्षा. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञही आहेत. म्हणजे पुढे नोंदणीला महत्त्व येणार.

दुसरी वाट सरकारी. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तिथे पर्यवेक्षिकेच्या जागा निघतात आणि त्यासाठी पोषण किंवा गृहविज्ञानाची पदवी चालते. बालविकास प्रकल्प अधिकारी व्हायचं तर एमपीएससी. पोषण पुनर्वसन केंद्रांतही आहारतज्ज्ञ लागतात, पण त्या जागा बहुतेक कंत्राटी असतात. हे आधीच माहीत असू द्या.

तिसरी वाट संशोधन आणि अध्यापनाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषणाची एम.एस्सी. आहे. ही संस्था पूर्वी कुन्नूरला होती. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या कमला सोहोनी तिथे काम करायच्या. 2017 मध्ये याच संस्थेने 528 भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते काढले. आमच्यासारख्या अ‍ॅपवाल्यांना असा आधार लागतो आणि तो वाचून समजावणारी माणसंही. प्राध्यापक व्हायचं तर गृहविज्ञानात नेट किंवा सेट द्या.

चौथी वाट उद्योगाची. अन्नकंपन्यांत लेबल, गुणवत्ता, नवे पदार्थ अशी कामं असतात. स्वतःचा छोटा प्रक्रिया उद्योग काढणाऱ्यांसाठी 2020 च्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद केली गेली. ते कर्जाला जोडलेलं होतं. आपल्याच जिल्ह्यात वायगावची हळद आहे, आर्वी-कारंज्याकडे संत्री आहेत.

दोन इशारे देतो. बी.ए.ला गृहअर्थशास्त्र घेणं आणि बी.एस्सी. न्यूट्रिशन करणं एक नव्हे. प्रवेशाआधी अभ्यासक्रम नीट वाचा. दुसरं, 'न्यूट्रिशन कोच' व्हा म्हणून पावडरीचे डबे विकायला लावणारे भेटतील. ती नोकरी नाही, विक्री आहे.

पालकांपैकी कोणी म्हणेल, स्वयंपाक तर पोरगी घरीच शिकते. चाचा, अम्मीही चाळीस वर्षं स्वयंपाक करत होती. ती ओट्याजवळच पडली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याही रोज स्वयंपाक करतातच. आणि मुलांनो, हे शिक्षण फक्त मुलींचं नाही.

अम्मीला भेटलेली ती आहारतज्ज्ञ मुसलमान नव्हती. तिने फक्त विचारलं आणि ऐकून घेतलं. आपल्याला तर सेहरी समजावून सांगावी लागत नाही. त्यावर शास्त्राचं शिक्षण घेतलं, तर आपल्या मोहल्ल्यातल्या किती अम्मी, किती खाला वाचतील याचा विचार करा.

कार्यक्रमानंतर मी इथेच थांबतो. मार्कशीट घेऊन या, अब्बा-अम्मींनाही सोबत आणा. बसून बोलू.