हट्ट नव्हे, मेंदूतली वाट

‘दोन घास खाल्ले तर काय बिघडतं?’ ॲनोरेक्झिया, म्हणजे अन्न टाळत राहण्याचा आजार, झालेल्या मुलीला घरचे काकुळतीला येऊन विचारतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा २१ स्त्रियांना एमआरआय यंत्रात पदार्थ निवडायला सांगितलं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निवड करताना त्यांच्या मेंदूतला सवयींशी निगडित भाग निरोगी स्त्रियांपेक्षा जास्त सक्रिय दिसला. त्या हालचालीचा दुसऱ्या दिवशीच्या जेवणाशीही संबंध आढळला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण ‘हट्टी’ हा शिक्का त्या मुलींना खोलवर दुखावतो. या आजारात मेंदूचं बाह्यपटलही पातळ झालेलं दिसतं. मात्र २०२२ मध्ये अनेक देशांतले स्कॅन एकत्र तपासले, तेव्हा वजन सावरू लागलेल्या रुग्णांमध्ये ही घट कमी होती.