पाटीवरचं नाव, नोंदवहीतलं नाव



औषधांचं दुकान काढायचं तर फार्मसी कौन्सिलकडे नोंदलेला फार्मासिस्ट लागतो. कोर्टात उभं राहायचं तर बार कौन्सिलची सनद लागते. ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावायला मात्र आपल्याकडे अजूनही प्रत्यक्षात फारसं काही लागत नाही. एक खोली, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एखादं प्रमाणपत्र असलं की भागतं. त्यातल्या एका खुर्चीवर बसून माणूस असं काही सांगत असतो, जे त्यानं घरातही कुणाला सांगितलेलं नसतं.

आज बोलायचं आहे ते या समुपदेशकाच्या पात्रतेबद्दल. ती कोण ठरवतं, आपण ती कशी पारखायची आणि त्याच्या हातून काही चुकलं तर भरपाई कुठून यायची? विषय कायद्याचा आणि विम्याचा आहे. पण मुलाला किंवा सुनेला समुपदेशकाकडे न्यावं का, असा विचार ज्या घरात चाललाय, तिथे तो फार जवळचा आहे.

आधी माणसं वेगवेगळी ओळखून घेऊ. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. त्याची नोंदणी आपल्या राज्यात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि तो औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनं मानसशास्त्रात एम. ए. केल्यावर सहसा दोन वर्षांचं एम. फिल. केलेलं असतं. त्यात रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं काम येतं. त्याची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत असते. तिसरा आपला समुपदेशक. हा एम. ए. झालेला असू शकतो, समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेला असू शकतो, वर्षभराची पदविका घेतलेला असू शकतो, नाहीतर चार रविवारांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही असू शकतो. पाटी सगळ्यांची सारखीच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा कायदा १९९२ चा. त्याच्या नोंदवहीत नाव नसताना कुणी पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. पण हा कायदा मुळात अपंगत्वाच्या क्षेत्रासाठी झालेला आहे. परीक्षेच्या भीतीनं झोप उडालेला विद्यार्थी किंवा घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं त्याच्या कक्षेत सहज बसत नाही. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. मानसिक आरोग्य व्यावसायिक कोणाला म्हणायचं, हे त्यात सांगितलं आहे. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोरुग्णसेवेतली परिचारिका आणि मनोविकार क्षेत्रातला सामाजिक कार्यकर्ता त्यात आहेत. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि सिद्ध या पद्धतींत या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेलेही आहेत. नुसता समुपदेशक त्या व्याख्येत नाही.

ही उणीव भरून काढायची सुरुवात २०२१ साली झाली. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा त्या वर्षी झाला. वर्तनविषयक आरोग्याचा एक स्वतंत्र गट त्याच्या अनुसूचीत आहे. रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या बाहेरचे मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक आणि वैद्यकीय समाजकार्यकर्ते त्या गटात येतात. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचं शिक्षण हवं, असं मोजमापही त्यात आहे. प्रत्येक राज्यानं परिषद नेमायची आणि नोंदवही ठेवायची, अशी ही रचना आहे. कायदा झाला, पण नोंदवही भरायला वेळ लागतो. तोवर पारख करण्याचं बरंचसं काम आपल्यावरच येतं.

प्रमाणपत्र आणि नोंदणी यांत एक मोठा फरक आहे. प्रमाणपत्र एकदा मिळालं की ते आयुष्यभर भिंतीवर राहतं. त्यानंतर त्या माणसानं काहीही केलं तरी संस्था येऊन फ्रेम उतरवून नेत नाही. नोंदवहीतलं नाव मात्र खोडता येतं. रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी ठरावीक वर्षांनी नवी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी दरम्यान प्रशिक्षण घेतल्याचे गुण दाखवावे लागतात. तक्रार झाली तर चौकशी होऊ शकते. माणूस काय शिकला हे प्रमाणपत्रावरून कळतं. तो आज कुणाला जबाबदार आहे, हे नोंदणीवरून कळतं. येणाऱ्याच्या दृष्टीनं हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

तरीही प्रमाणपत्र वाचायला शिकलं पाहिजे. संस्थेचं नाव आणि सोनेरी शिक्का यांच्या पलीकडे दोन गोष्टी बघायच्या. अभ्यासक्रम किती महिन्यांचा होता, आणि त्यात एखाद्या ज्येष्ठाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम केलं. पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसंच आहे हे. समोरचा माणूस अचानक रडायचा थांबून शांत झाला, तर ते सावरणं आहे की मनाशी काही भलतंच ठरवणं आहे, हे ओळखायला कुणीतरी अनुभवी माणसानं बाजूला बसून शिकवावं लागतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नियम आवळले तर समुपदेशक मिळणार कुठून? २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की, वेगवेगळ्या मनोविकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. असं असताना पदव्यांचा आग्रह कसा धरायचा?

याचं उत्तर आपल्या शेजारी गोव्यात सापडतं. तिथल्या ‘संगत’ या संस्थेनं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसोबत काम करायला बसवलं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत त्याचा स्पष्ट फायदा दिसला. पण या समुपदेशकांना शिकवून मोकळं सोडलेलं नव्हतं. कामाची पद्धत आखून दिलेली होती, वर देखरेख होती आणि आवाक्याबाहेरचा रुग्ण डॉक्टरकडे पाठवायची सोय होती. म्हणजे पदवी कमी असली तरी चालतं, देखरेख नसली तर चालत नाही. एम. ए. होऊन एकट्यानं दार बंद करून काम करणाऱ्यापेक्षा बारावी शिकलेली आणि दर आठवड्याला आपलं काम कुणाला तरी तपासून घेणारी बाई अधिक भरवशाची असू शकते.

परदेशातही हे काही एका रात्रीत झालेलं नाही. अमेरिकेत समुपदेशकांना परवाना देण्याचा पहिला कायदा व्हर्जिनिया राज्यानं १९७६ साली केला आणि शेवटचा कॅलिफोर्नियानं २००९ साली. मधे तेहेतीस वर्षं गेली. ब्रिटनमध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद कायद्यानं राखीव आहे, पण ‘कौन्सेलर’ आजही कुणीही म्हणवून घेऊ शकतं. तिथे व्यावसायिकांच्या संघटनांनीच स्वतःला नियम घालून घेतले. काम सुरू आहे तोवर नियमित सुपरव्हिजन घ्यायचं आणि विमा ठेवायचा.

आता विम्याकडे वळू. समुपदेशकाला विमा कशाला? तो काही पोटावर शस्त्रक्रिया करत नाही. पण शब्दांनीही नुकसान होतं. गुप्त राखायची गोष्ट बाहेर जाते. आत्महत्येची सूचना लक्षात येत नाही. औषधावर असलेल्या रुग्णाला ‘गोळ्या सोडा, मी आहे ना’ असं सांगितलं जातं. उलट, बोलायला हवं तिथे गप्प राहण्यानंही घात होतो. कॅलिफोर्नियातला तारासॉफ खटला याबाबत जगभर शिकवला जातो. विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्यानं एका मुलीला मारण्याचा आपला इरादा तिथल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितला होता. पोलिसांना कळवलं गेलं, मुलीला किंवा तिच्या घरच्यांना नाही. १९६९ साली तिचा खून झाला. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं रक्षण करण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये दिला. आपल्याकडे २०१७ च्या कायद्यातल्या २३ व्या कलमानं गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर अपवादही ठेवला आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाबाबत तर पोक्सो कायद्यानुसार कळवणं प्रत्येकालाच बंधनकारक आहे. चांगला समुपदेशक हे सगळं पहिल्याच भेटीत, तुम्ही काही सांगायच्या आधी, समजावून सांगतो आणि लेखी संमती घेतो.

नुकसान झालंच तर दाद मागायची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. फी घेऊन केलेलं समुपदेशन हीदेखील सेवाच आहे. पण हलगर्जीपणा ठरवायचा कसा? आपली न्यायालयं जी मोजपट्टी वापरतात तिचं नाव बोलम. गंमत म्हणजे ती एका मनोरुग्णालयातूनच आली. १९५४ साली लंडनच्या फ्रिअर्न रुग्णालयात बोलम नावाच्या रुग्णाला विजेचे झटके देताना स्नायू शिथिल करणारं औषध दिलं नाही, आणि त्याची हाडं मोडली. १९५७ साली तो खटला हरला. कारण त्या काळी जबाबदार डॉक्टरांचा एक गट तशाच पद्धतीनं उपचार करत होता. त्या व्यवसायातला सर्वसाधारण कुशल माणूस असंच वागला असता का, एवढंच पाहायचं असं ठरलं. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही हीच कसोटी मान्य केली.

आता ही कसोटी समुपदेशकाला लावून पाहा. सर्वसाधारण कुशल समुपदेशक म्हणजे कोण? पाच वर्षं शिकलेला की चार रविवार शिकलेला? व्यवसायाचा दर्जा ठरलेला नसेल तर मोजपट्टीवर आकडेच उरत नाहीत. रुग्णाला चूक सिद्ध करणं अवघड जातं, प्रामाणिक समुपदेशकाला आपण बरोबर होतो हे दाखवणं अवघड जातं, आणि विमा कंपनीलाही जोखमीचा अंदाज करता येत नाही. पात्रतेचे नियम आणि विमा हे दोन विषय इथे एकमेकांत अडकलेले आहेत.

या विम्याला प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतात. अनेक डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट तो घेतात. पॉलिसीच्या कागदावर दोन रकमा असतात, एका दाव्याला कमाल किती आणि वर्षभरात एकूण किती. वकिलाचा खर्च सहसा त्यातच येतो. मुद्दाम केलेलं कृत्य, गुन्हा, नशेत केलेलं काम आणि सरकारी दंड यांना संरक्षण नसतं.

त्यातली एक खाच समुपदेशकांनी नीट समजून घ्यावी. समजा, एका समुपदेशिकेनं एप्रिल २०२१ मध्ये पॉलिसी घेतली आणि दरवर्षी चालू ठेवली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिनं एका जोडप्याच्या सेशनच्या नोंदी नवऱ्याला न विचारता बायकोच्या वकिलाकडे दिल्या. मार्च २०२५ मध्ये तिनं काम थांबवलं आणि आता कशाला हप्ता भरायचा म्हणून पॉलिसी सोडून दिली. जूनमध्ये ग्राहक आयोगाची नोटीस आली. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे तक्रार वेळेत आहे. चूक झाली तेव्हा विमा होता. तरीही कंपनी पैसे देणार नाही, कारण अशा पॉलिसीत दावा येतो त्या दिवशी विमा चालू असावा लागतो. काम थांबवल्यावरही काही काळ संरक्षण कसं राहील, हे पॉलिसी घेतानाच विचारून ठेवावं. तसंच पॉलिसी मधे खंडित झाली, तर आधीच्या कामाचं संरक्षणही जाऊ शकतं.

विम्यामुळे समुपदेशक बेफिकीर होईल, अशी शंका येते. पण प्रस्तावाच्या फॉर्मवर शिक्षण, नोंदणी, पूर्वीचे दावे हे सगळं खरं लिहावं लागतं. खोटं निघालं तर दावा फेटाळला जातो. शिवाय निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि समोरच्याकडे द्यायला पैसेच नसले, तर त्या कागदाचं करायचं काय? समुपदेशकाचा विमा त्याच्याइतकाच तुमच्याही कामाचा असतो.

तर पहिल्या भेटीत चार प्रश्न विचारा. तुमचं शिक्षण काय, आणि नोंदणी कुठे? तुमच्या कामावर देखरेख कुणाची? मी सांगितलेलं कुणाला आणि कधी सांगाल? तुमचा व्यावसायिक विमा आहे का? सगळ्यांची उत्तरं मनासारखी येतील असं नाही, विमा तर अनेक चांगल्या समुपदेशकांकडेही अजून नसेल. पण प्रश्न ऐकून जो चिडतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

वेळ तातडीची असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मात्र यातलं काहीही विचारत बसू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा दिवसरात्र आणि विनामूल्य आहे. क्रमांक आहे १४४१६. मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगतो, १४४१६.