आंगऱ्यांच्या घरचे कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात वर्धापनदिनाला हळदीकुंकू होते, गाणी होतात, आणि कोणी तरी एकीने चार शब्द बोलायचे असतात. यंदा ती पाळी माझी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पंडिताचे भाषण माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. विषय सांगितला तेव्हा एक बाई हसून म्हणाल्या, "अहो, आपले तळेगाव कुठे आणि आंगऱ्यांचा समुद्र कुठे!" खरेच आहे. आपण वर्धा नदीचे पूर पाहिलेले. लाटांशी आपला संबंध नाही. पण मी समुद्राबद्दल बोलणारच नाही. एका आरमारी घराण्याच्या घरच्या कागदांबद्दल बोलणार आहे, आणि कागद काय, ते आपल्याही घरी आहेत.

माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. तिच्यामुळे ह्या विषयाची पुस्तके घरात आली. मराठी होती ती मी दुपारच्या वेळी वाचली, इंग्रजीतला मजकूर तिने मला मराठीत सांगितला.

आंगऱ्यांचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी गावावरून ते आंगरे झाले. तुकोजींचे पुत्र कान्होजी हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे मुख्य. 1713 साली बाळाजी विश्वनाथांनी त्यांच्याशी तह करून त्यांस शाहू महाराजांच्या बाजूस वळविले. त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय कोकणच्या समुद्रात व्यापारी जहाजाने फिरायचे नाही, असा त्यांचा नियम. इंग्रज आणि पोर्तुगीज ह्यांना तो मान्य नव्हता. डिसेंबर 1721 मध्ये दोघे मिळून कुलाब्याच्या किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवीत परत आले. 4 जुलै 1729 रोजी कान्होजी वारले. अलिबागेस त्यांची समाधी आहे.

एवढे बहुतेकींनी शाळेत ऐकलेले असेल. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. हा मनुष्य घरी कसा होता, कोणाशी कसा बोलत होता, हे आपल्याला कुठून कळते? त्यांच्या स्वतःच्या वाड्यातून फार थोडे. जास्त कळते ते ज्यांना त्यांनी पत्रे लिहिली त्यांच्याकडून, आणि ज्यांच्याशी ते लढले त्यांच्याकडून.

प्रथम पत्रांचे सांगते. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर हे त्या काळचे मोठे नाव. मूळचे ते आपल्या वऱ्हाडातले, हे वाचून मला फार बरे वाटले. कोकणात परशुरामाच्या क्षेत्री राहिले, पुढे साताऱ्याजवळ धावडशीस गेले आणि 1745 साली समाधिस्थ झाले. स्वामी म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे जपमाळ येते. हे मात्र मोठमोठ्या सरदारांना कर्जाऊ पैसे देत आणि त्याची वसुलीही चोख करीत! बाजीराव पेशव्यांनी आपल्या कर्जाचे रडगाणे त्यांच्यापुढेच गायिले आहे. त्यांना आलेली पत्रे जपून राहिली, आणि दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनी 1900 च्या सुमारास स्वामींच्या चरित्राबरोबर ती छापली. त्यांत कान्होजींची पत्रे आहेत, त्यांच्या मुलांची आहेत, घरातल्या बायकांचीही आहेत.

कान्होजींच्या मागे त्यांचे थोरले पुत्र सेखोजी सरखेल झाले. ते 1733 साली वारले आणि संभाजी व मानाजी ह्या भावांचे बिनसले. आपल्याकडे भाऊबंदकी बांधावरून होते. तिथे किल्ल्यांवरून झाली, एवढाच फरक. शेवटी 1735 साली बाजीरावांनी वाटणी करून दिली. सरखेली संभाजींकडे राहिली, आणि कुलाबा व वजारतमाब हा किताब मानाजींना मिळाला. तरी मिटले नाही. 1740 साली संभाजी कुलाब्यावर चालून आले, तेव्हा मानाजींच्या मदतीला पेशव्यांची फौज जावी लागली. ह्या सगळ्या काळात स्वामी दोघांची समजूत घालीत होते, आणि दोघेही भाऊ आपापले गाऱ्हाणे त्यांनाच लिहीत होते. पुढच्या लोकांना हे भांडण आतून पाहायला मिळाले ते ह्या पत्रांमुळे.

त्या वेळी पत्र लिहिणे म्हणजे केवढा खटाटोप! हातकागदाची लांब पट्टी, ती पुरली नाही तर खळीने दुसरी जोडायची, बोरूने मोडीत लिहायचे, ओल्या शाईवर वाळू टाकायची. मजकूर संपला की खाली मोर्तब, म्हणजे लहान शिक्का. त्यापुढे कोणी ओळ घुसडू नये म्हणून. असे सारे कागद कापडात बांधून ठेवीत, त्याला रुमाल म्हणत. अडचण एकच. पुष्कळ पत्रांवर महिना आणि चंद्र, म्हणजे तारीख, असते, वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते, मग कशाला लिहा! त्या एका आकड्यासाठी संशोधक पुढे वर्षानुवर्षे वाद घालीत बसले. (आपल्या घरच्या लग्नातल्या फोटोंच्या मागे वर्ष लिहिलेले कितीजणींचे आहे?)

आता शत्रूकडचे कागद. इंग्रज हे लिहून ठेवणारे लोक. 1712 साली आंगऱ्यांनी मुंबईच्या गव्हर्नराचे जहाज धरले. त्यावर एक अगदी तरुण इंग्रज बाई नवऱ्याबरोबर निघाली होती. नवरा झुंजीत मारला गेला आणि ती कैदेत पडली. 1713 साली तीस हजार रुपये घेऊन कान्होजींनी तिला सोडले. हा पैसा ठरला कसा, आणायला कोण गेले, तिचे पुढचे लग्न, सारे त्यांच्या दप्तरी नोंदलेले आहे. त्याच वेळी आंगऱ्यांच्या घरातल्या बायका त्या परक्या पोरीकडे कशा पाहत असतील, तिला काय खायला देत असतील, हे मात्र कुठे नाही.

कान्होजींचे एक सुंदर उत्तरही इंग्रजांच्याच भाषांतरातून उरले आहे. 1724 च्या सुमारास गव्हर्नर फिप्स ह्यांनी त्यांना उपदेशाचे पत्र धाडले, दुसऱ्याचे लुबाडून राज्य टिकत नाही अशा अर्थाचे. कान्होजींनी शांतपणे कळविले की, दुसऱ्याचे आपल्याला मिळावे ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली मला दिसत नाही; देवसुद्धा एकाचे घेऊनच दुसऱ्याला देतो, जगाची रीतच ती. चाचा म्हणून ज्याला हिणविले त्याचे हे बोलणे! पण ते ज्या मराठी किंवा फारसी शब्दांत बोलले ते आपल्या हाती नाहीत, इंग्रजी शब्द आहेत.

आणि ह्याहून मनाला लागलेली गोष्ट 1756 ची. तुळाजी हे कान्होजींचेच पुत्र. त्यांचे ठाणे विजयदुर्ग. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. पेशव्यांचे आणि तुळाजींचे फाटले. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एक तोफगोळा जहाजावर पडून आग लागली, ती एकावरून दुसऱ्यावर गेली आणि मराठ्यांचे ते आरमार बंदरातच जळाले. आपल्या घरचे भांडण मिटवायला परक्याला ओट्यावर बोलावले म्हणजे काय होते, ते मी वेगळे सांगत नाही. तुळाजी आधीच पेशव्यांच्या छावणीत गेले होते. त्यांचे पुढचे सारे आयुष्य कैदेत गेले. किल्ल्यात राहिली ती त्यांची म्हातारी आई, बायका आणि मुले.

वॉटसनच्या बरोबर आइव्ह्ज नावाचा एक डॉक्टर होता. त्याने 1773 साली लंडनला आपल्या प्रवासाचे पुस्तक छापले, त्यात हा प्रसंग आहे. वॉटसन त्या बायकांना भेटायला गेला. त्या रडत होत्या. तो म्हणाला, तुम्हांला कोणी त्रास देणार नाही. तेव्हा म्हातारी आई सर्वांच्या वतीने बोलली. रयतेला राजा उरला नाही, मला मुलगा नाही, सुनांना नवरा नाही, लेकरांना बाप नाही, असे तिचे म्हणणे. वॉटसन म्हणाला, मलाच त्यांचा बाप समजा. त्यावर सहा वर्षांच्या एका पोराने त्याचा हात धरला आणि हुंदके देत म्हटले की, तर मग तूच माझा बाप हो. ॲडमिरलाच्या डोळ्यांत पाणी आले असे डॉक्टर लिहितो. पुढच्या वर्षी वॉटसन कलकत्त्यास मेला. मुलाचे बापपण कुठले निभावणार?

मुलीने हे वाचून दाखविले तेव्हा मी पोळ्या लाटीत होते. तवा उतरून ठेवला आणि तिला पुन्हा वाचायला सांगितले. ती म्हातारी मराठीत बोलली असणार, आपल्यासारखीच. तिचे खरे शब्द कोणते असतील? ते कोणी लिहिले नाहीत, किंवा लिहिले असतील तर राहिले नाहीत. तिचे दुःख आपल्याला पोचते ते तिचे घर उद्ध्वस्त करायला आलेल्यांच्या डॉक्टरामार्फत. आणि गोष्टीत मोठेपणा कोणाला मिळाला? रडणाऱ्या ॲडमिरलाला. वाईट मनुष्य नसेल तो, पण कागद त्याच्या बाजूचा होता.

आंगऱ्यांचे सगळेच गेले असे नाही. कुलाब्याची गादी 1840 साली इंग्रजांनी खालसा केली. तिथले सरकारी कागद पुढे पुण्याच्या पुराभिलेखागारात गेले आणि तिथे आंगरे दप्तर म्हणून ओळखले जातात. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल तिथेच आहेत; रियासतकार सरदेसाई ह्यांनी 1930 नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांतून निवडून 45 भाग छापले. आंगऱ्यांची शकावली, म्हणजे सालवार हकीकत, हीदेखील छापलेली आहे. पण दप्तरात हिशेब सापडतो, जमीन सापडते, शिबंदीचा पगार सापडतो. सुनेने माहेरी काय लिहिले ते सापडत नाही.

अमेरिकेत मात्र अशा एका आरमारी घराण्याचे घरगुती कागद राहिले आहेत. रॉजर्स हे त्यांचे आडनाव. कमोडोर जॉन रॉजर्स 1838 साली वारला. त्याचा मुलगाही पुढे ॲडमिरल झाला. 1806 साली लग्न झाल्यापासून कमोडोर आणि त्याची बायको मिनर्व्हा एकमेकांना पत्रे लिहीत. 3 मे 1813 ला इंग्रज आरमाराने त्यांचे गाव जाळले तेव्हा हा समुद्रावर दूर होता. त्या घराण्याची पत्रे आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत, कोणीही जाऊन पाहावीत. ते आरमार आंगऱ्यांच्या आरमाराहून धाकटे! पण तिथे बायकोच्या पत्राला कमोडोरच्या पत्राबरोबर जागा मिळाली.

आता आपल्याकडे वळते. आपली घराणी काही सरखेलांची नव्हेत. पण आमच्या सासूबाईंच्या लोखंडी संदुकीत मामंजींची कार्डे आहेत, कापसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या आहेत, शेताचे दोन मोडी कागद आहेत जे घरात कोणालाच वाचता येत नाहीत. माझ्या नात्यातल्या एका घरी वाटणीच्या वेळी अशी अख्खी पेटी रद्दीत गेली. भांडी मात्र एकेक मोजून घेतली. आष्टीच्या 16 ऑगस्ट 1942 च्या लढ्यानंतर ह्या भागातली माणसे तुरुंगात गेली. त्यांनी घरी पत्रे लिहिली असतील, घरच्या बायकांनी उत्तरे लिहवून घेतली असतील. पुढाऱ्यांची नावे पुस्तकांत आहेत. मागे घर, गुरे आणि लेकरे कोणी सांभाळली, ते आजीच्या संदुकीत असले तर असेल.

मुलीने तिच्या सरांना विचारून आणलेल्या दोन-चार गोष्टी सांगते. जुना कागद फाटला तरी त्याला चिकटपट्टी लावू नये, तिने तो जळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये, ओल धरते. स्वच्छ सुती कापडात सपाट गुंडाळावा. टाचण्या काढून टाकाव्यात, त्या गंजतात. संदूक भिंतीला टेकवून ठेवू नये, उदई तिथूनच येते. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि वर्ष लिहावे, शाईने नव्हे. आणि म्हाताऱ्या माणसांना हे कोण, ते कोण, असे विचारायचे ते लवकर विचारून घ्यावे.

अध्यक्षीणबाईंची परवानगी घेऊन एक विनंती करते. ज्यांच्या घरी मोडी कागद किंवा 1947 च्या आधीची पत्रे असतील त्यांनी पुढच्या महिन्याच्या सभेला फक्त तेवढे सांगावे. कागद कोणी मंडळाला द्यायचे नाहीत, घरातून बाहेरही काढायचे नाहीत. आपण एका वहीत कोणाकडे काय आहे एवढेच उतरून घेऊ. मोडी वाचणारा कोणी आर्वीला किंवा वर्ध्याला मिळतो का, त्याचा तपास मी आणि मुलगी करीत आहोत. मिळाला तर एका रविवारी त्यांना इथे बोलावू, चहाफराळाचे माझ्याकडे.