डब्याला भोक पाडण्याआधी

आज विषय जरा वेगळा आहे. पापड-लोणची नाही, शिलाई नाही. बेसचा डबा, म्हणजे सबवूफरचं खोकं, आणि त्याला जे गोल भोक असतं ते. कुणी म्हणेल, त्या भोकात बोलण्यासारखं काय आहे? मीही तेच म्हणत होते, आणि त्यापायी आमच्या गटाचे पैसे बुडायची वेळ आली होती. म्हणून सांगते.

झालं असं, की आमच्या गटानं साऊंड भाड्यानं द्यायचं ठरवलं. बारसं, हळद, डोहाळजेवण, गावात महिन्याला चार कार्यक्रम असतातच. दोघींनी अंतर्गत कर्ज घेतलं. बारा इंची स्पीकर आणला, ॲम्प्लिफायर आणला. तयार डबा महाग पडत होता, म्हणून 18 मिलिमीटरचं प्लायवूड आणून आम्हीच तो जोडला. ज्या दुकानातून स्पीकर घेतला तिथं विचारलं, भोक केवढं पाडायचं? उत्तर मिळालं, "पाडा चार इंची, झालं." आम्ही पाडलं. मीच म्हटलं, हो, चालेल.

पहिल्याच हळदीला कळलं. कुठलंही गाणं लावा, एकच आवाज, ढम, ढम, ढम. नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "काय गं, तुमच्या डब्याला एकच गाणं येतं का?" आवाज वाढवला तशी स्पीकरची पाळी पुढे-मागे फडफडायला लागली, टकटक वाजली आणि गप्प झाली. कॉइल गेली. भाडं परत द्यावं लागलं. पुढच्या बैठकीत जे बोलणं झालं ते इथं सांगत नाही. एका काकूंची कर्जाची पाळी त्या महिन्यात होती, त्यांना थांबावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मग मी शिकायला बसले. तेच आता सोपं करून सांगते.

रिकामी बाटली घ्या आणि तिच्या तोंडावर आडवी फुंकर मारा. घूं असा आवाज येतो. अर्धी बाटली पाण्यानं भरा आणि पुन्हा फुंका, आवाज बारीक होतो. का? बाटलीच्या गळ्यातली हवा म्हणजे एक वजन, आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. स्प्रिंगवर वजन वरखाली होतं तशी गळ्यातली हवा आत-बाहेर होते, आणि ठरावीक वेगानंच होते. पोट लहान केलं की स्प्रिंग ताठ होते, सूर चढतो. गळा लांब केला की वजन वाढतं, सूर उतरतो. जर्मनीतले हेल्महोल्ट्झ नावाचे शास्त्रज्ञ होते, 1821 ते 1894 हा त्यांचा काळ. त्यांनी या गोष्टीचा बारकाईनं अभ्यास केला. स्पीकरच्या डब्यात ती वापरण्याचं पेटंट अमेरिकेतल्या थुरास यांना 1932 साली मिळालं.

आपला डबा म्हणजे ती बाटली, आणि पोर्ट म्हणजे तिचा गळा. स्पीकरची पाळी पुढे आवाज फेकते तसा मागेही फेकते. बंद डब्यात मागचा आवाज वाया जातो. पोर्ट नीट बसवला, तर तो मागचा जोर वापरून खालच्या सुराला पुढच्या आवाजाची साथ देतो. नागपंचमीच्या झोक्यासारखं आहे हे. झोका आपल्या लयीत येतो तेव्हाच हात लावला, तर थोड्या जोरात उंच जातो. भलत्या वेळी लावला तर नुसतं हिसकं बसतं.

आमचं चुकलं कुठे? आम्ही नुसतं भोक पाडलं. म्हणजे गळा केवढा, तर प्लायवूडच्या जाडीएवढा, दोन सेंटिमीटरही नाही. असा आखूड गळा म्हणजे चढा सूर. हिशोब केला तर आमचा डबा 65 हर्ट्झच्या आसपास घुमत होता. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झवर वाजते. म्हणजे 65 जवळचं सगळं ढमढम फुगायचं आणि त्याखालचं हरवायचं. वाईट गोष्ट पुढेच आहे. डब्याच्या सुराखालचा आवाज आला की पोर्टमधून हवा नुसती ये-जा करते आणि पाळीला मागून आधार राहत नाही. ती हवी तेवढी फडफडते. आमची कॉइल त्यातच गेली.

आता पाककृती लिहून घेता तसा कागद-पेन घ्या.

पहिलं, डब्याचं आतलं माप. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि हजारनं भागायचं, की लिटर येतात. आमचा डबा आतून 45 बाय 45 बाय 35, म्हणजे जवळजवळ 71 लिटर. पण यातून स्पीकरचं बूड, आतल्या लाकडी पट्ट्या आणि खुद्द पाईप यांची जागा वजा करायची. आमच्याकडे उरले 60 लिटर. ही वजाबाकी विसरू नका.

दुसरं, सूर किती ठेवायचा. आम्ही 35 हर्ट्झ धरला. स्पीकरसोबत तांत्रिक माहितीचा कागद येतो, तो दुकानातून मागून घ्याच. प्रत्येक स्पीकर पोर्टच्या डब्यात चांगला वाजतो असं नाही. काहींना बंद डबाच मानवतो, हे त्या कागदावरून ठरतं.

तिसरं, पाईपची लांबी. पाईपचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग 23,562 नं गुणा. हा झाला वरचा आकडा. खाली हर्ट्झला हर्ट्झनं गुणा आणि लिटरनं गुणा. वरच्याला खालच्यानं भागा. आलेल्या उत्तरातून व्यासाचा साधारण पाऊण भाग, नेमकं सांगायचं तर 0.73 पट, वजा करा. हे वजा का? पाईपच्या दोन्ही तोंडांपाशी थोडी बाहेरची हवाही सोबत हलते. ती लांबी आयतीच मिळते.

आमचं उदाहरण. व्यास 10. दाही दाही शंभर, गुणिले 23,562, झाले 23,56,200. खाली 35 गुणिले 35, म्हणजे 1225, गुणिले 60, झाले 73,500. भागाकार 32. त्यातून 7.3 गेले, उरले 24.7. म्हणजे पाऊणेपंचवीस सेंटिमीटर लांब पाईप हवा होता, आणि आम्ही ठेवला होता पावणेदोन!

चौथं, पाईप किती रुंद. इथं ब्लाऊजसारखं आहे. एक माप बदललं की दुसरं आपोआप बदलतं. साडेसात सेंटिमीटरचा पाईप घेतला तर साडेबाराच लांबी पुरते, डब्यात सहज मावते. पण बारीक तोंडातून हवा जोरात पळते आणि फस्स-फस्स वाजते. गाण्यापेक्षा फसफसच ऐकू येते. हवेचा वेग सेकंदाला 17 मीटरच्या आत राहावा असा साधारण नियम आहे. मग दोन मोठे पाईप लावावेत का? दहा सेंटिमीटरचे दोन लावले, तर प्रत्येकाची लांबी 57 सेंटिमीटर लागते. आमच्या 35 खोलीच्या डब्यात ते मावणार कुठे? म्हणून एकच दहाचा लावला आणि ॲम्प्लिफायर बेतानं वाजवायचं ठरवलं. पाईपच्या तोंडाच्या कडा कानसीनं आणि पॉलिश पेपरनं गोल केल्या, त्यानंही फसफस कमी होते. पाईपचं आतलं तोंड मागच्या फळीपासून निदान व्यासाइतकं, म्हणजे दहा सेंटिमीटर, लांब हवं. आमच्याकडे बारा उरले.

पाईप साधाच, नळकामाचा चार इंची पीव्हीसी. पण दुकानातला चार इंची आतून नेमका किती आहे, ते पट्टीनं मोजून घ्या. आणि कापताना शिलाईचा नियम लक्षात ठेवा. कापड कमी करता येतं, वाढवता येत नाही. आम्ही आधी 28 ठेवला, तपासला, मग थोडाथोडा कापला.

तपासायचं कसं? मोबाईलवर एकेक सूर वाजवणारं ॲप मिळतं. आवाज कमी ठेवून 60 हर्ट्झपासून खाली या. पोर्टसमोर उदबत्ती धरा. ज्या सुरावर धूर सर्वांत जोरात हलतो आणि पाळीला हलकं बोट लावलं तर ती जवळजवळ स्थिर लागते, तो डब्याचा सूर. त्याच उदबत्तीनं सांधेही तपासा. धूर कुठे थरथरला तर तिथं फट आहे, ती फेव्हिकॉल आणि भुश्श्यानं बुजवा. ॲम्प्लिफायरला खालचे सूर कापायचं बटण असेल, तर ते डब्याच्या सुराच्या थोडं खाली लावा. कॉइल वाचते.

एक गोष्ट विसरायची नाही. बेस भिंतीतून जातो. शेजारी बाळंतीण असते, म्हातारं माणूस असतं. 2000 सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री 10 ते सकाळी 6 ही वेळ रात्रीची धरतात. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. आमच्या भाड्याच्या पावतीवर दहाची वेळ छापलेली आहे. पोर्ट बरोबर असला की आवाज न वाढवता बेस मिळतो, हाही फायदाच.

कॉइल बदलून, पाईप बसवून डबा पुन्हा उभा राहिला. पहिलं भाडं आलं ते त्या काकूंच्या नातीच्या बारशाचं. त्यांनी स्वतः येऊन डबा ठरवला. कर्जाची त्यांची पाळी दोन महिने उशिरा आली, पण आली. दोघींचे हप्ते अजून चालू आहेत.

मैत्रिणींनो, "पाडा भोक, झालं" असं कुणी सांगितलं की एकदा तरी विचारा, किती? आणि का? गुणाकार-भागाकार आपण बचतीच्या वहीत रोज करतो. तोच इथं लागतो, वेगळं काही लागत नाही.