जाळीपलीकडचा वाघ
(नभोवाणीवरील भाषण)



ज्याच्या हाती कॅमेरा आला, त्याच्या मनात वाघाचे छायाचित्र टिपण्याची हौस कधी ना कधी उत्पन्न होतेच. कान्हा किंवा ताडोबा येथे जावे, पहाटेच्या वेळी मोकळ्या रानात वाघ पाहावा आणि तो टिपावा, हे भाग्य मात्र थोड्यांचे. त्यासाठी रजा, पैसा आणि वाघाची मर्जी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. माझ्या बाबतीत त्या क्वचितच जुळल्या. म्हणून गेली वीस-बावीस वर्षे मी ही हौस प्राणिसंग्रहालयांत भागवीत आलो आहे. आमची स्नेही मंडळी थट्टेने म्हणतात, “दावणीच्या बैलाचे चित्र काढावे, तसेच हे! त्यात मोठेसे काय?” या थट्टेला थोडे उत्तर द्यावे, आणि या छंदाने मला एकदा ज्या पेचात टाकले तो आपल्यापुढे मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

पहिली अडचण जाळीची. नवशिका मनुष्य कठड्याशी उभा राहून कॅमेऱ्याची कळ दाबतो. कॅमेऱ्यातील यंत्र जवळची वस्तू आधी पकडते. परिणामी जाळीचे चौकोन स्वच्छ उमटतात आणि वाघ त्यांच्यामागे पुसट राहतो. यावर उपाय आहे. दोनशे किंवा तीनशे मिलिमीटरचे लांब पल्ल्याचे भिंग घ्यावे आणि त्याचे छिद्र पूर्ण उघडे ठेवावे. केंद्र आपल्या हाताने वाघाच्या डोळ्यावर साधावे, आणि वाघ जाळीपासून बराच मागे गेला असेल तोच क्षण निवडावा. असे केले म्हणजे जाळी चित्रातून नाहीशी होते. यात जादू काही नाही. उघड्या भिंगाचे तोंड तारेच्या जाडीहून कितीतरी मोठे असते. ते तारेच्या दोन्ही बाजूंनी वाघाकडे पाहते आणि तार विरघळून जाते. मात्र जाळीच्या ज्या भागावर ऊन पडले असेल तो भाग टाळावा, नाहीतर साऱ्या चित्रावर पांढुरके धुके पसरते. काच असेल तर भिंगाचा रबरी गळपट्टा काचेला टेकवावा आणि अंगात गडद रंगाचा सदरा असावा, म्हणजे आपलेच प्रतिबिंब आड येत नाही. झगझगीत दिव्याचा उपयोग तर कधीच करू नये. तो प्राण्याला त्रासदायक, आणि चित्राला घातक.

दुसरी अडचण रंगाची. पांढरा वाघ समोर असला की प्रकाशमापक फसतो आणि वाघ मळकट राखी उमटतो; तेथे प्रकाश थोडा वाढवून द्यावा लागतो. काळ्या बिबळ्याच्या बाबतीत नेमके उलट. या पांढऱ्या वाघांचा विषय निघाला म्हणून सांगतो. 1951 साली रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बछडा पकडून गोविंदगडच्या वाड्यात पाळला. त्याचे नाव मोहन. आज निरनिराळ्या देशांतील प्राणिसंग्रहालयांत जे पांढरे वाघ दिसतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या मोहनपाशी जाऊन पोचते. जवळच्या नात्यातच पैदास झाल्याने त्यांच्यात अनेक व्यंगे उतरली; आणि कित्येकांच्या डोळ्यांत जो तिरळेपणा आढळतो, तो तर त्या पांढऱ्या रंगाशीच निगडित आहे. आम्ही छायाचित्रकार काय करतो? वाघाने मान वळवून तिरळेपणा झाकला जाईल, अशा क्षणाची वाट पाहतो.

तिसरी गोष्ट धीराची. सिंह दिवसाचे अठरा-वीस तास पडून काढतो. तो उठावा म्हणून शिट्ट्या वाजविणारे, टाळ्या पिटणारे, प्रसंगी खडे मारणारे लोक मी पाहिले आहेत. अशांच्या चित्रात चिडलेला किंवा भेदरलेला प्राणी येतो. त्यापेक्षा सकाळी दारे उघडताच जावे, किंवा संध्याकाळी खाण्याची वेळ जवळ आली असता थांबावे. तासभर एका जागी बसले की न पाहिलेल्या गोष्टी दिसू लागतात. वाघाच्या कानांच्या पाठीमागे पांढरा ठिपका असतो. घरच्या मांजराची बाहुली उन्हात उभ्या फटीसारखी होते, वाघाची मात्र वाटोळीच राहते. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आणि म्हणूनच रानातील वाघांची गणती छायाचित्रांवरून करता येते.

आता माझ्या पेचाकडे वळतो. पिंजऱ्यातील वाघ पुष्कळदा एकाच वाटेने येरझारा घालीत असतो. त्याच कोपऱ्यात वळतो, त्याच दगडाजवळून परततो. छायाचित्रकाराला ही मोठीच सोय आहे. दगडावर केंद्र साधून ठेवावे आणि वाघ तेथे पोचताच कळ दाबावी. एक संधी हुकली तर अर्ध्या मिनिटात दुसरी येते. ही सोय कशातून निर्माण झाली, याचा विचार मी अनेक वर्षे केला नव्हता. 2003 साली ऑक्सफर्ड येथील दोन संशोधकांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. रानात ज्या मांसभक्षक प्राण्यांचा वावर फार विस्तीर्ण प्रदेशात असतो, त्यांच्यातच बंदिवासातील या येरझारा अधिक आढळतात, असे त्यांनी दाखवून दिले. खाण्याची वाट पाहतानाही प्राणी फिरतो, हे खरे. परंतु दिवसभर चाललेली ती फेरी निराळी.

अशाच एका फेरीत मला माझे सर्वोत्तम छायाचित्र मिळाले. गावाचे नाव सांगत नाही. तशी जाळी आणि तशी वाघीण अनेक ठिकाणी आढळेल. पावसाळा नुकताच संपला होता, पिंजऱ्याच्या मागच्या अंगाला गवत माजले होते. त्या गवतातून वाघीण सरळ माझ्याकडे येत होती. जाळी पुरती विरघळली होती. सकाळचे ऊन एका बाजूने तिच्या गालावर पडले होते. घरी येऊन चित्र पाहिले, तेव्हा ही वाघीण जन्मात कधी पिंजऱ्यात नव्हती असेच कोणीही म्हणाले असते. आणि तसे ते म्हणालेही. ज्याला चित्र दाखवावे तो विचारी, “कोणत्या जंगलात मिळाली?” प्रथम मी खरे सांगत असे. नंतर नुसता हसू लागलो. हसणे हेही एक प्रकारचे उत्तरच असते, हे आपण जाणताच.

त्या वाघिणीच्या रखवालदाराने मला फार मदत केली होती. ऊन कोठून येते, ती कोणत्या बाजूला वळते, सारे त्यानेच सांगितले. दोन महिन्यांनी पुन्हा त्या गावी जाणे झाले, तेव्हा मोठ्या आकाराची एक प्रत त्याच्यासाठी नेली. त्याने हात पुसले, चित्र दोन्ही हातांनी धरले आणि बराच वेळ पाहिले. मग विचारले, “बाबूजी, जाली कहाँ गई?”

मी भिंगाचे शास्त्र त्याला मोठ्या उत्साहाने समजावून दिले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि चित्रातील वाघिणीच्या नाकाच्या दांड्यावर बोट ठेवले. तेथे रुपयाएवढी जागा केसांवाचून गुळगुळीत झाली होती. ती चित्रात होती. मी ती शंभर वेळा पाहिली होती आणि एकदाही माझ्या ध्यानात आली नव्हती. रोज संध्याकाळी आतल्या कोठडीचे दार उघडण्याची वाट पाहत ती तेथे नाक घाशी. “ये रही,” तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात दोषारोप नव्हता. तो त्या वाघिणीला पिल्लू असल्यापासून ओळखत होता. तिचे चित्र पाहताना तिची खूण त्याने ओळखली, इतकेच.

हे चित्र मी त्याच सुमारास एका स्पर्धेसाठी ‘वन्यजीव’ या विभागात पाठविण्याच्या बेतात होतो. वाघ कोठला, असा प्रश्न त्या अर्जात विचारलेलाच नव्हता. म्हणजे खोटे लिहिण्याची गरज नव्हती. गप्प राहणे पुरे होते. मोठ्या स्पर्धांतही हा मोह घडतो. 2009 साली लंडनच्या एका विख्यात वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिले पारितोषिक मिळाले. तो लांडगा बहुधा शिकविलेला असावा असे परीक्षकांचे मत झाले आणि 2010 च्या जानेवारीत पारितोषिक काढून घेण्यात आले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. पण चित्र कितीही सुंदर असले तरी त्याखालची ओळ खरी असावी लागते, हे त्या प्रकरणाने जगापुढे ठेवले.

कोणी म्हणेल, जाळी लपविण्याचा दोष एकट्या छायाचित्रकाराला का द्यावा? हे खरे आहे. 1907 साली कार्ल हागेनबेक याने हॅम्बुर्गजवळ आपले प्राणिसंग्रहालय उघडले; त्याने गज काढून टाकले आणि प्रेक्षक व सिंह यांच्यामध्ये खोल खंदक ठेवला. खंदक दिसत नसे. सिंह मोकळाच आहे असे वाटे. 1963 साली लोकांसाठी खुले झालेल्या हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातही अशी खंदकांची आवारे आहेत. प्राण्याला पिंजऱ्याहून ती पुष्कळ सुखाची, यात शंका नाही. तथापि खंदक झाला तरी तो मर्यादाच. ती पाहणाऱ्याला दिसत नाही; आत राहणाऱ्याला ठाऊक असते.

मर्यादा दिसल्याने चित्राचे मोल कमी होते काय? टास्मानियाचा वाघ म्हणून एक पट्टेदार प्राणी होता. तो मार्जारकुलातला नव्हे, पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांपैकी. ठाऊक असलेला शेवटचा प्राणी 1936 च्या सप्टेंबरात होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याआधी 1933 साली डेव्हिड फ्ले याने तेथे घेतलेली थोडी चलच्चित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत तारेचे कुंपण स्पष्ट दिसते. प्राणी त्या कुंपणालगत फिरतो, जांभई देतो. ते कुंपण पुसून टाकावे असे ती चित्रे पाहताना माझ्या मनात येत नाही. तो जीव कसा होता आणि शेवटी कोठे होता, या दोन्ही गोष्टी त्यांत नोंदल्या गेल्या आहेत.

मी चित्र स्पर्धेला पाठविले. खाली लिहिले, ‘वाघीण, प्राणिसंग्रहालयातील’. पारितोषिक मिळाले नाही. रखवालदाराने आपली प्रत खोलीत लावली आहे.

जाळी विरघळविण्याची युक्ती मी सोडलेली नाही, आणि आपणही ती अवश्य शिकावी. वाघाचा डोळा, मिशा, चालण्यातला डौल नीट पाहायचा तर जाळी दूर सारावीच लागते. मात्र त्या वर्षापासून एक नियम पाळतो. प्रत्येक भेटीत एक चित्र असे घेतो की, ज्यात जाळी स्पष्ट आहे. आणि प्रत्येक चित्राच्या मागे स्थळ व तारीख लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारलेच, “कोणत्या जंगलात मिळाला?” तर आता मी हसत नाही. गावाचे नाव सांगतो.