रिकाम्या पेटीची नोंद
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गेल्या जुलैत माझा भाचा सुट्टीसाठी गावी आला होता. तो अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात शिकतो आणि तेथील स्काऊट पथकात आहे. १९१० साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेला २०२५ पासून ‘स्काऊटिंग अमेरिका’ म्हणतात. ‘मत्स्य व वन्यजीव व्यवस्थापन’ या विषयाचा कापडी बिल्ला त्याने मोठ्या कौतुकाने दाखविला. मी मात्र त्याच्या वहीतच अधिक रमलो.

बिल्ला म्हटला की आपल्याला पाठांतर आठवते. तेथेही राज्यातील वन्यजीवांना कोणते धोके आहेत, त्यावर काय उपाय होतात, हे सांगावे लागतेच. परंतु खरे काम हाताचे आणि डोळ्यांचे. माशांच्या बाबतीत मुलाला निवड असते. खवल्यावरून माशाचे वय काढावयाचे. खवला भिंगाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वलये दिसतात. थंडीत वाढ मंदावते तेव्हा ती दाटीने पडतात, त्यावरून वर्षे मोजतात. किंवा तीन जातींच्या माशांच्या पोटात काय निघाले ते लिहावयाचे. (आपल्या घरी रोज मासळी साफ होते, पण हे कोणी पाहिले आहे काय?) किंवा तलावाकाठी गळ टाकून बसलेल्यांना विचारावयाचे, किती तास बसलात आणि किती मासे लागले?

पक्ष्यांसाठी भाच्याने पेट्या निवडल्या. निदान दोन पेट्या करून टांगावयाच्या व विणीच्या एका हंगामाची लेखी नोंद ठेवावयाची. पेट्या होत्या ब्लूबर्ड नावाच्या निळ्या पक्ष्यासाठी. तो ढोलीत अंडी घालतो, पण ढोली कोरणे त्याला जमत नाही. आणि असलेल्या ढोल्या बळकावावयास परके पक्षी टपलेले. त्यांपैकी एक कोण? आपली घरातली चिमणी! १८५० नंतर माणसांनीच तिला युरोपातून तेथे नेऊन सोडले. पेटीचे भोक दीड इंचाचे ठेवले तर स्टार्लिंगसारखा मोठा पक्षी शिरत नाही, चिमणी मात्र शिरते. म्हणून तेथे पेटीतले चिमणीचे गवत काढून टाकतात. इकडे आपण चिमण्या कमी झाल्या म्हणून त्यांच्यासाठीच पेट्या टांगतो. हे ऐकून माझी आई नातवावर चांगलीच रागावली! ‘व्यवस्थापन’ हा शब्द मला रुक्ष वाटे. त्या दिवशी तो थोडा समजला.

वहीत कित्येक पानांवर एकच ओळ होती : ‘पेटी क्रमांक २. रिकामी.’ मी म्हणालो, “अरे, यावर बिल्ला दिला कसा?” तो म्हणाला, “मामू, रिकामी होती तर रिकामीच लिहिणार ना?”

मित्रांनो, मला लाज वाटली. दोन वर्षांपूर्वी मी वर्गाकडून पक्षीनिरीक्षणाच्या वह्या मागविल्या होत्या. ज्याची यादी लांब त्याला गुण जास्त. एकाने ४० पक्षी लिहिले, त्यात सारससुद्धा! आपल्या कोकणात सारस कोठला? मी पाहिलेच नाही, पहिला क्रमांक देऊन मोकळा झालो. दुसऱ्याने सातच लिहिले होते. त्याला मी सर्वांदेखत विचारले, “एवढेच?” त्याने पुन्हा वही दिली नाही.

सालिम अली १९३० साली हातात नोकरी नसताना किहीमला राहत होते. जवळच्या सुगरणींची घरटी ते रोज पाहत आणि टिपून ठेवीत. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पसंत करते, मग तो दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्या टिपणांतून उलगडले. मी असतो तर तेथेही विचारले असते, एकच पक्षी?

यंदा दिवाळीनंतर आपल्या शाळेच्या आवारात मुलांनी आठ पेट्या टांगल्या आहेत. आठही अद्याप रिकाम्या आहेत आणि तसेच लिहिले आहे. वह्या व्हरांड्यातील टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना पहाव्यात. पालकांना एक विनंती : मुलाने असे पान घरी आणले तर दया येऊन त्यात दोन पक्षी भरून देऊ नका.

तो सात पक्ष्यांचा मुलगा आता दहावीत आहे. पेटी क्रमांक ३ ची वही तू ठेवशील का, असे मी त्याला विचारले आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही.