परीक्षिताला कुणीतरी सांगितलं होतं
(भंडारा येथील शारदीय व्याख्यानमालेत झालेलं व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘मरणासन्न रुग्णाची सेवा आणि धर्मश्रद्धा’. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली हॉस्पिस सुरू केलं, १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना उभं राहिलं, हे तुम्ही वाचलेलं असणार. त्यात वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. जो मरणार आहे त्याच्यापासून त्याचं मरण लपवू नका.

आपल्याकडे तंबाखूच्या खर्र्यानं तोंडाचा कॅन्सर किती झालाय, ते वेगळं सांगायला नको. पुडी खिशात असलेले इथेही दोन-चार बसलेत. (हशा) अशा रुग्णाच्या घरी गेलं, की मुलगा दारातच हात धरतो. “बाबाले सांगू नका जी, अल्सर आहे म्हणून सांगतलं आहे.” आत बाबांच्या उशाशी अंगारा, ताईत, नवसाचा नारळ. घरातले सगळे देवाशी बोलताहेत. ज्याला बोलायचं त्याला मात्र, काय बोलायचं तेच कुणी कळू देत नाही.

गावोगावी भागवत सप्ताह होतात. सातच दिवस का? परीक्षित राजाला सात दिवस उरले होते म्हणून. शमीक ऋषींच्या गळ्यात त्यानं मेलेला साप टाकला, त्यांच्या मुलानं शाप दिला, सातव्या दिवशी तक्षक नाग डसेल. ही कथा तुम्हाला पाठ आहे. पण महाभारतातली शमीकांची पुढची कृती पाहा. मुलाचा शाप त्यांना आवडला नाही, तरी त्यांनी शिष्याला मुद्दाम राजाकडे पाठवलं आणि खरं ते कळवलं. राजा घाबरेल, खचेल म्हणून लपवलं नाही. ते कळल्यावर राजानं काय केलं, याच्या दोन कथा आहेत. महाभारतात तो एका खांबावरच्या महालात जाऊन बसतो. भोवती पहारा, वैद्य, औषधी, मांत्रिक. तक्षक फळातल्या किड्याच्या रूपानं आत शिरतोच. भागवतात तोच राजा राज्य जनमेजयाला देतो, गंगेकाठी बसतो आणि शुकमुनींना विचारतो, मरायला टेकलेल्या माणसानं काय करावं? सगळं भागवत या प्रश्नाचं उत्तर आहे. आपला आयसीयू म्हणजे तो एकखांबी महाल. बरा होणाऱ्यानं तिथं जरूर जावं. पण गंगाकाठचा परीक्षित व्हायचं की नाही हे ठरवायला माणसाला आधी बातमी कळावी लागते!

(अध्यक्षांनी चिठ्ठी दिली.) दहा मिनिटं? बरं. या कथेनं वेळ खाल्ला, पण ती सोडवत नव्हती.

पवनीच्या स्तूपाजवळ राहणाऱ्यांना सांगतो, तथागतांनीही तीन महिने आधी वैशालीत आपल्या जाण्याची कल्पना भिक्खूंना दिली होती. विनोबांनी १९८२ साली पवनारला देह ठेवला, तोही अन्न आणि औषध बाजूला ठेवून, जाणतेपणानं.

मागून कुणी म्हणालं, “ते संत होते, आमची माणसं खचतील.” खचतात, काही दिवस. मी नाकारत नाही. ऐकायचंच नाही म्हणणाराही असतो. त्याच्यावर लादू नये. पण बहुतेकांना आतून कळलेलं असतं, आणि घरच्यांसाठी तेही नाटक करत राहतात. दोघंही एकटे पडतात.

आधी दुखणं थांबवा, हेही तितकंच खरं. कण्हणाऱ्याला कीर्तन ऐकू येत नाही. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलला; डॉक्टरांकडे त्याबद्दल विचारणा करा. वेदना हे पूर्वजन्मीचं फळ आहे असं रुग्णाला ऐकवणाऱ्याला मी खाटेपाशी बसू देणार नाही. (टाळ्या)

आणि श्रद्धा रुग्णाची, आपली नव्हे. आपल्या जिल्ह्यात बाप माळकरी, मुलगा ‘परमात्मा एक’ पंथाचा सेवक, अशी घरं आहेत. शेवटी बापाच्या तोंडात तुळस-गंगाजल पडावं की नाही, हे मुलाच्या पंथानं ठरवू नये. आजारी पुतण्या बौद्ध वंदना मागतो की काहीच मागत नाही, त्यालाच विचारा. देव न मानणाऱ्याचा हातही तेवढाच घट्ट धरा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली कॅन्सरनंच गेले. नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. आपले कितीतरी लोक तिथून फाइल घेऊन परत येतात. ती फाइल यापुढे कपाटात कुलपात ठेवू नका. आज घरी कुणी आजारी असेल, तर उद्या सकाळी त्यांच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा, “तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?” मग गप्प राहा, त्यांना बोलू द्या.